कलम बारा, सुधारित

जिल्हा कचेरीत टायपिंगचं काम माझ्याकडे.
राजधानीतून कागद आला तेव्हा बाहेर एप्रिलचा चिखल,
आणि मी उतू गेलेला चहा पुसत होते.
फार काही बदलायचं नव्हतं.
‘जतन करावे’ होतं, तिथे ‘नियमन करावे’.
‘करावे’ तर तसंच राहिलं.
दोनदा ताडून पाहिलं, शिक्का मारला,
आणि खिडकीतून दिसणारा माळ
होता तेवढाच होता.

ओरिनबासार माझा दीर.
सव्वीस वर्षं त्या माळावर राखणदार.
सायगा कसा असतो, त्याला विचारा.
सांगेल: हरणच, पण नाकाशी आल्यावर
घडवणाऱ्याला हत्तीची आठवण झाली
आणि तेवढ्यात कुणीतरी त्याला जेवायला हाक मारली.
ते बोजड नाक उन्हाळ्यात धूळ गाळतं,
हिवाळ्यात वारा कोमट करून आत घेतं.
शिंगं फक्त नराला. मेणाच्या रंगाची.
सूर्यासमोर धरली तर उजेड आत शिरतो.

त्या शिंगांच्या भावानं येरकेबुलान गेला.
रात्री दोन मोटरसायकली, बर्फ, आणि सकाळी
अर्ध्या मैलावर एक बूट.
तो बूट ओरिनबासारच्या दाराशी अजून आहे.
कुणी हलवत नाही, त्यावर कुणी बोलतही नाही.

मग तो मे महिना.
शिंगं नव्हती, बंदुका नव्हत्या, नुसता रोग.
माद्या उभ्या उभ्या खाली बसल्या
आणि पिल्लं थंड आचळांना लुचत राहिली.
बुलडोझरनं खड्डे खणले. मोजायला हा होता.
घरी आला तो महिनाभर गोठ्यात झोपला.
म्हणायचा, छताखाली आकडे घुमतात.

पण कळप परतले. वर्षामागून वर्ष
त्याच्या वहीतल्या रेघा दाट होत गेल्या.
त्यानं एकदाच, एकदाच हं,
दारू न पिता गाणं म्हटलं.

आणि बख्तिगुल आली कचेरीत.
तिच्या कुरणावर एका रात्रीत हजारोंचे खूर.
हिवाळ्याचं गवत गेलं, पाणवठ्याचा राडा झाला,
दोन गायी विकल्या, तिसरीचं गिऱ्हाईक बघतेय.
खुरांनी चेंगरलेल्या काड्यांची मूठ
माझ्या कीबोर्डवर ठेवून म्हणाली,
‘हे कर टाइप.’

कागद ओरिनबासारला मीच नेऊन दिला.
कळप कुठे उतरतो, कुठे वितो,
हे त्याच्याखेरीज कुणाला ठाऊक?
बंदूकवाल्यांना वाट त्यानंच दाखवायची.
चष्मा कपाळावर ढकलून त्यानं नवी वही उघडली.
जुने रकाने: जिवंत. मेलेले. चोरीची शिकार.
चौथा नवा: ‘काढलेले’.
‘पीक काढतात,’ तो म्हणाला.
‘दात काढतात. राग काढतात.
माणसाला घराबाहेर काढतात.
यातलं कुठलं गं?’
मला काय माहीत.
मी फक्त टाइप करते.

मे महिन्यात विण्याच्या माळावर त्यानं मला सोबत नेलं.
पिल्लं जोडी-जोडीनं जमिनीला चिकटून,
मातीच्या रंगाची, इतकी गप्प
की पाय ठेवायचीच भीती.
तो हळू आवाजात मोजत होता, मी लिहीत होते.
चारशे अकरा. चारशे तेरा.
मग थांबला.
दुर्बीण डोळ्यांवरच, पण थांबला.
‘पुढचं लिहू नकोस.’

मला येरकेबुलानचा बूट आठवला.
मला बख्तिगुलच्या काड्यादेखील आठवल्या,
आधी कुठलं, ते विचारू नका.
वारा होता. पान फडफडत होतं.

ती वही माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.
त्या ओळीवर एक आकडा आहे, रबरानं खोडलेला.
कागद खिडकीसमोर धरला
तर अजून वाचता येतो.
वरून विचारणा आली आहे, दोनदा.